कशावरून?

मेस्त्री डावीकडच्या दारातून आत वाकले, गुडघ्यावर बसले, डॅशबोर्डखालचं प्लास्टिक एका झटक्यात ओढून बाजूला केलं, आत डोकं घातलं आणि दोनदा जोरात नाक ओढलं. मला वाटलं सर्दी झालीय. मग बाहेर आले, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "कॉम्प्युटर गेलाय साहेब." सगळं मिळून दोन मिनिटं. मीटर नाही, टेस्ट लॅम्प नाही, बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मी "बरं, बघतो" म्हटलं, गाडी घेऊन निघालो, आणि पुढचे दोन-अडीच महिने त्या माणसाला खोटं पाडण्यात घालवले. रविवार घालवले, रात्री घालवल्या, एकदा तर ऑफिसला खोटं सांगून अर्धा दिवस घालवला.

गाडीचं दुखणं असं, की सकाळी एकदम शहाणी. सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू, आयडलिंग स्थिर, पिकअप छान. वीसेक मिनिटं चालली, आतून तापली, की सिग्नलला उभं राहिल्यावर आरपीएमचा काटा वर-खाली व्हायला लागायचा, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसासारखा. मग चेक इंजिनचा दिवा मंद पेटायचा, विझायचा, परत पेटायचा, आणि मग गाडी बंद. मागचे हॉर्न सुरू. अर्धा तास सावलीत उभी केली की परत शहाणी, जणू काही झालंच नाही. ज्याने कोणी असली गाडी वापरलीय त्याला माहितीय की यातला सगळ्यात मोठा त्रास बंद पडण्याचा नाही, सतत कान टवकारून बसण्याचा आहे. शेजारी बसलेला माणूस काहीतरी सांगत असतो आणि आपण हं हं म्हणत इंजिन ऐकत असतो. गाणी लावणं मी कधी बंद केलं ते माझं मलाच कळलं नाही.

आता 'कॉम्प्युटर गेला' या वाक्यावर माझा एवढा राग का, ते सांगतो. 'गेला' हा शब्द आपण फार सहज वापरतो. फ्यूज गेला, बल्ब गेला, लाइट गेली, इथपर्यंत ठीक आहे, बल्ब खरंच जातो, हातात घेऊन हलवला की तार खुळखुळते. पण इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ज्याच्या आत कोणी बघत नाही अशी पत्र्याची डबी, आणि जे कळत नाही ते सगळं तिच्यावर ढकलून मोकळं व्हायला ती फार सोयीची. मी याआधी थोडंफार वाचलं होतं, दोन-चार जाणकारांकडून ऐकलं होतं, आणि सगळ्यांचं एकमत होतं की ईसीएम, म्हणजे हीच डबी, संशयितांच्या यादीत सगळ्यात शेवटी. आधी बॅटरी, मग फ्यूज आणि रिले, मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वायर, मग वायरिंग आणि कपलर, म्हणजे वायरींचे प्लगसारखे जोड, मग सेन्सर, आणि हे सगळं निर्दोष सुटलं तरच ती डबी. कारण बहुतेक वेळा डबी बदलूनही दुखणं तसंच राहतं, आणि वाईट म्हणजे जुनी डबी ज्या शॉर्टमुळे जळाली तो शॉर्ट तसाच असेल तर नवीही जळते. हा नियम चांगलाच आहे, आजही मानतो मी. फक्त नियम पाठ असला की माणसाला समोरच्याचं ऐकायची गरज वाटेनाशी होते, तसं माझं झालं.

त्यात गाडी बाबांची. म्हणजे कागदोपत्री आता माझी, पण सीटला अजून त्यांच्या पाठीचा आकार आहे.

बाबांची याआधीची गाडी कार्ब्युरेटरवाली होती आणि तिचं सगळं ते स्वतः करायचे. चोक किती ओढायचा ते हवेवरून ठरवायचे. प्लग काढून त्याचा रंग बघायचे, फिकट तपकिरी असला की खूश, काळी काजळी धरली असली की पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असला की कमी. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट फीलर गेजच्या पातीने मोजायचे आणि पाती मला धरायला द्यायचे, ती तेलकट, कागदापेक्षा थोडी जाड पाती मला अजून बोटांना आठवते. सायलेन्सरच्या मागे उभं राहून धुराचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मिक्श्चर रिच झालंय." मला तेव्हा ते सगळ्यांचेच बाबा करतात असं वाटायचं. मग ही फ्युएल इंजेक्शनवाली गाडी आली. पहिल्या रविवारी त्यांनी सवयीने बॉनेट उघडलं, बराच वेळ बघत उभे राहिले, ऑइलची काडी काढून पुसून परत घातली आणि बॉनेट खाली केलं. "यात आपलं काही नाही," म्हणाले. एवढंच. त्यानंतर त्यांनी तिला कधी पाना लावला नाही, फक्त धुतली. खूप स्वच्छ धुवायचे. पुढे गुडघ्यांनी क्लच दाबेना झाला तेव्हा चावी माझ्या हातात दिली, ती देतानाही गाडीबद्दल एक शब्द नाही.

त्यामुळे त्या डबीशी माझं थोडं जुनं भांडण आहे असं समजा. तिने माझ्या बाबांना रिटायर केलं, वयाच्या आधी. आणि तरी तिचं कौतुकही वाटतं, हे विचित्र आहे. तीन हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला पन्नास फेरे मारतं, म्हणजे चार स्ट्रोकच्या हिशोबाने प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला पंचवीस वेळा उघडायचा आणि दर वेळी काही मिलिसेकंदांत मिटायचा. हवा किती आली, थ्रॉटल किती उघडा, पाणी किती तापलंय, क्रँक कुठे आहे, हे सगळं बघून. बाबा चोक ओढताना जे करायचे तेच, फक्त न थकता. 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या 1600 गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक आली, तिच्यात मायक्रोप्रोसेसर वगैरे काही नव्हतं, नुसती ॲनालॉग सर्किटं. मग 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732 आय मध्ये मोट्रॉनिक आली, इंजेक्शन आणि इग्निशन दोन्हीचा कारभार एकाच डिजिटल डबीकडे. माझी डबी या वंशातली, पण बिघाड वाचणारा स्कॅनर लावायचं 16 पिनांचं ते सगळीकडे सारखं सॉकेट यायच्या आधीची. ते सॉकेट अमेरिकेत 1996 पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं आणि मग हळूहळू जगभर पसरलं. माझ्या गाडीला स्कॅनर लावायला गेलं की स्कॅनरवाला सॉकेट शोधत खाली वाकतो, वर बघतो, आणि गोड हसतो.

या गाड्यांना बोलतं करायची पद्धत वेगळी. डायग्नोस्टिक कपलरच्या ठराविक दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या, चावी ऑनला फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि चेक इंजिनच्या दिव्याकडे बघत बसायचं. तो डोळे मिचकावतो. लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब, चार आखूड म्हणजे चोवीस, आणि हा आकडा म्हणजे बिघाडाचा कोड. मी गुडघ्यावर वही, तोंडात टॉर्च, अंधारात गाडीत एकटा, बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे. एक कोड आला, दुसरा आला, तिसरा, चौथा. चार वेगवेगळे सेन्सर, थ्रॉटलचा, हवेच्या दाबाचा, आणि आणखी दोन. मला आठवतं, मला आनंद झाला होता. कारण चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. चौघांचं सामाईक जे असेल तिथे चोर आहे, आणि सामाईक म्हणजे एक तर अर्थ, नाहीतर डबी सेन्सरांना जे पाच व्होल्ट पुरवते ती लाइन. मेस्त्रींचं नाक हरलं असं मी त्या रात्री मनात जाहीर करून टाकलं, शप्पथ सांगतो, मोठ्याने हसलोही.

अर्थपासून सुरुवात केली. इथे एक गोष्ट मी चुकत चुकत शिकलो ती सांगावीशी वाटते, कारण मीटरने मला दोन आठवडे बनवलं. डबीच्या अर्थची वायर मी मीटरने तपासली, बीप वाजला, शून्य ओहम, म्हटलं उत्तम. आता डिजिटल मीटर तपासताना वायरीतून जवळजवळ काहीच करंट नेत नाही. वायरीचे वीस तंतू तुटून एक उरला असला तरी मीटर म्हणतो ऑल वेल. हे म्हणजे पुलावरून मांजर पाठवून पूल मजबूत ठरवण्यासारखं. खरी परीक्षा वजन टाकून. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं त्या अर्थच्या पिनेला, आणि बल्ब पेटला तो पिवळट, मरगळलेला. मग बल्ब तसाच पेटता ठेवून मीटर व्होल्टवर टाकला आणि त्या अर्थची पिन ते बॅटरीचा मायनस असं मोजलं. पाव व्होल्ट गेला तरी तिथे काहीतरी आहे असं समजायचं, एकदशांशच्या आत हवं, आणि माझ्याकडे एक पूर्णांक चार. वायरीचा मागोवा घेत घेत इंजिन ब्लॉकवरच्या लगपर्यंत, म्हणजे वायरीच्या टोकाच्या बोल्टात अडकवलेल्या कडीपर्यंत पोचलो. बोल्ट गंजलेला, लगवर पांढरी-हिरवी पूड. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, बोल्ट कसला, बल्ब लख्ख. मी पण लख्ख.

तीन आठवडे गाडी एकदाही बंद पडली नाही.

या तीन आठवड्यांत मी किती जणांना ही गोष्ट सांगितली याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी त्यात मेस्त्री थोडे जास्त अडाणी व्हायचे आणि मी थोडा जास्त हुशार. नाक ओढण्याची नक्कल पण करून दाखवायचो, लोक हसायचे. बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "अर्थ होता होय," आणि मग थोडं थांबून, "वेगळा काही वास वगैरे नाही ना येत?" मी म्हटलं, "कसला वास?" तर म्हणाले, "नाही, असंच." मी तेही सोडून दिलं. दोन माणसांनी मला वासाबद्दल सुचवलं होतं, एकाने तर करून दाखवलं होतं, आणि मी मात्र मीटरच्या नवीन पिना घ्यायला निघालो होतो. त्या तीन आठवड्यांत आभाळ होतं सतत, हवा गार होती, हेही माझ्या लक्षात आलं नाही. पहिल्या कडक उन्हाच्या दुपारी, पुलाच्या चढावर, काटा वर-खाली, दिवा मंद, आणि बंद.

परत कोड काढले. तेच चार. आता पाच व्होल्टची लाइन. इंजिन तापवून गाडी खोडी करायला लागली की थ्रॉटल सेन्सरच्या कपलरमध्ये मागून बारीक सुई घालून मोजायचं, वायर न कापता. एरवी 5.02 असायचं ते खोडीच्या वेळी 4.3, 4.1, परत 4.6, असं लटपटत होतं. आता यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे एखादा सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे व्होल्ट खाली ओढतो. तो पकडायला सोपं, एकेकाचं कपलर काढत जायचं, ज्याचं काढल्यावर आकडा उडी मारून पाचला येईल तो चोर. मी काढत गेलो. पण उडी कुणीच मारली नाही. एक काढला, थोडा वर आला. दुसरा काढला, आणखी थोडा. सगळे काढले तेव्हा पाच. मी यावरून निष्कर्ष काढला की सेन्सर निर्दोष आहेत आणि मधली वायर कुठेतरी खराब आहे, आणि त्या वायरीच्या मागे बारा दिवस घालवले, हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची टेप सोललीय, चिकट काळी राळ नखांत बसलीय, वायर आपली धडधाकट. खरं म्हणजे तो आकडा मला स्वच्छ सांगत होता. जितकं ओझं जास्त तितकं खाली जातंय, म्हणजे देणाराच अशक्त आहे. पण मी मोजत होतो सेन्सरच्या टोकाला. डबीच्या पिनेवर मोजायला मीटर खाली, पायापाशी न्यावा लागला असता, आणि तिथे मला जायचंच नव्हतं. आता लिहिताना हे दिसतंय, तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की तिथे वाकून कंबर दुखते.

शेवटी वाकलो. डबीच्या पिनेवरच 4.2. म्हणजे वायरीत शिरायच्या आधीच व्होल्ट गेलेले. तरीही मी अजून एक पळवाट काढली, म्हटलं डबीला येणारी पॉवरच पडत असेल. मोजली, 13.8, दगडासारखी स्थिर. अर्थ मोजला, आता चांगला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड, गाडी शहाणी आणि चालू, मी घरून हेअर ड्रायर आणला, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर खिडकीतून ओढून, आणि फक्त डबीवर गरम हवा सोडली. इंजिन थंड, सेन्सर थंड, सगळं थंड, फक्त ती डबी कोमट. चार मिनिटं झाली असतील. काटा वर गेला, खाली आला. दिवा मंद पेटला. ड्रायर बंद केला, पंखा लावला, थोड्या वेळाने सगळं ठीक. परत ड्रायर, परत खोडी. तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावर ती जी शांतता होते ना, ड्रायर हातात, पाय दाराबाहेर, त्यात मी बराच वेळ बसून होतो. हरल्याचं दुःख म्हणावं तर तसं नाही, उलट सिद्ध केल्याचं एक समाधान होतं, आणि त्या समाधानाची लाजही होती.

डबी काढली. आधी बॅटरीचा मायनस सोडवला, मग मोठं कपलर, चार स्क्रू. झाकण उचललं आणि वास आला.

कुबट, मासळीसारखा. फार उग्र नाही, पण एकदा नाकात गेला की परत न विसरण्यासारखा. मी तसाच मांडीवर डबी घेऊन बसलो आणि माझ्याही नकळत दोनदा जोरात नाक ओढलं, तोच आवाज झाला.

माझी भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय, तिच्याकडे बोर्ड घेऊन गेलो. तिने भिंग लावलं आणि म्हणाली, "मामा, हे कधीपासून गळतंय रे?" बोर्डवर गोल टाकीसारखे तीन इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर, त्यांच्या पायाशी तपकिरी डाग, आसपासचा संरक्षक लेप सुरकुतलेला आणि खालचं तांबं हिरवं पडलेलं. त्या टाक्यांत द्रव असतो, इलेक्ट्रोलाइट, वर्षानुवर्षं उष्णतेत राहून बुडाचं रबर थकतं आणि तो पाझरायला लागतो. वास त्याचाच. आणि तो नुसता पाझरत नाही, तांबं खातो. मला वाटलं, मग कपॅसिटर खराब म्हणून गरम झाल्यावर गाडी बंद पडत होती. ती म्हणाली, "नाही, नुसता सुकलेला कपॅसिटर असता तर थंडीत जास्त त्रास दिला असता, गरम झाल्यावर उलट सुधारतो तो. तुझं उलटं आहे. ट्रॅक बघ." टाचणीच्या टोकाने तिने एका कपॅसिटरच्या सावलीत जाणारी तांब्याची रेघ दाखवली, पाच व्होल्टच्या रेग्युलेटरकडून बाहेर पिनेकडे जाणारी. एके ठिकाणी ती केसाएवढी उरली होती. बोर्ड तापला, किंचित पसरला, की तो केस ताणला जायचा. माझे अडीच महिने त्या केसावर लटकत होते.

तिने कपॅसिटर उतरवले. मला वाटायचं सोल्डरिंग म्हणजे धूर आणि घाई, पण ती फार हळू करत होती, बोर्ड आडवा धरून, एक पाय मऊ झाला की जरासा कलवायचा, मग दुसरा, ओढायचं नाही, ओढलं की ट्रॅकच उचकटून येतो. अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने डाग धुतले, दोनदा, तिनदा, वास जाईपर्यंत. खाल्लेल्या ट्रॅकवरून बारीक तारेचा पूल टाकला. नवे कपॅसिटर 105 अंशवाले बसवले, जुन्यांवर लिहिलेलं तेच 47 मायक्रोफॅरड 50 व्होल्ट वगैरे, मायनसची पट्टी दोनदा बघून. "दहा अंश कमी तापला तरी याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं," ती म्हणाली, "तर तो हीटरचा पाइप तिथून जरा लांब बांध." मग सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि इथला हा ड्रायव्हर आयसी थोडा भाजलाय, दिसतोय? अजून मेला नाहीये. याच्यावर काय लोड आहे?"

पिनेवरून शोधलं तर तो आयसी चालवत होता आयडलिंगची स्टेपर मोटर, गाडी उभी असताना इंजिनला हवा किती जायची ते ठरवणारी. घरी येऊन तिच्या कॉइली मोजल्या. तिसेक ओहम हव्या होत्या, तीन बरोबर तेवढ्याच होत्या आणि चौथी सात. म्हणजे आतून शॉर्ट व्हायला लागलेली, दर वेळी तो आयसी चौपट करंट ओढत भाजत होता. मेस्त्रींचं ऐकून त्या दिवशी दुसरी डबी आणून लावली असती तर काही महिन्यांत तीही गेली असती, आणि मग मी काय म्हटलं असतं, तर यांना काही कळत नाही. हे मला त्या रात्री फार गोड लागलं, खरं सांगतो, अर्धा का होईना मी बरोबर होतो. मग अंथरुणावर पडल्यावर वाटलं, ती मोटर मी शोधलेलीच नाही. ती भाचीने भाजलेला आयसी दाखवला म्हणून सापडली, आणि आयसी दिसला डबी उघडली म्हणून. जी उघडायला मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हा हिशोब मी बऱ्याच बाजूंनी करून बघितला, कुठल्याच बाजूने नीट जुळत नाही.

मोटर बदलली, डबी बसवली, हीटरचा पाइप लांब बांधला. गाडी आता उन्हात तासभर ट्रॅफिकमध्ये उभी राहते, काटा आठशेवर खिळलेला. गाणी परत लावतो. बाबांना एकदा घेऊन गेलो चक्कर मारायला, ते डावीकडे बसले होते, त्यांचे पाय बरोबर त्या डबीपाशी. मी जुना कपॅसिटर खिशातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी नाकाशी नेला. मग बघितला. "रेडिओला येतो असा वास," म्हणाले, "जुन्या." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात सिग्नल सुटला.

मेस्त्रींकडे जायचं मी टाळत होतो. जाऊन काय सांगायचं, तुमचं बरोबर होतं, की तुमचं अर्धं बरोबर होतं, की तुमची नक्कल करून मी लोकांना हसवलं. शेवटी एका सकाळी गेलोच, गाडी गॅरेजसमोर लावली आणि इंजिन चालूच ठेवलं, म्हटलं तेच बोलेल. ते दुसऱ्या एका गाडीखालून सरकत बाहेर आले, उठून बसले, माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, मान थोडी कलती करून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "दोन नंबरचा टॅपेट वाजतोय."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. परवाच ऑइल बदललंय, आवाज इंजेक्टरचा असेल, जुन्या गाडीला एवढी टिकटिक असायचीच. ते गिळलं.

"कशावरून, मेस्त्री?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग टूल ट्रेमधला लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, बॉनेट उघडायला लावलं, टोक हेडच्या झाकणावर एका जागी टेकवलं आणि लाकडी मूठ माझ्या कानाला लावली. सगळं इंजिन एकदम माझ्या डोक्यात शिरलं, गरम, खडखडतं. त्यांनी टोक चार बोटं पुढे सरकवलं.

"हा एक नंबर होता. हा दोन. फरक आला?"

"नाही," मी म्हटलं.

"डोळे मिटा," ते म्हणाले, "आणि परत ऐका."